गोत्र टळलं, जनुक नाही

वैद्यकातल्या अग्रहक्काच्या भांडणांत मुंबईचं एक प्रकरण फारसं कुणी काढत नाही. बॉम्बे हॉस्पिटलचे मेंदूविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली टोकियोच्या परिषदेत एका चमत्कारिक आनुवंशिक विकाराची नोंद मांडली. पहिल्याच वर्षी बाळाचं डोकं भराभर वाढतं. मूल बसतं, बोलतं, उशिरा का होईना चालतंही. पण एमआरआयमध्ये मेंदूचं पांढरं द्रव्य इतकं सुजलेलं दिसतं की, हे मूल चालतंय यावर विश्वास बसू नये. पुढे तोल जातो, पाय ताठरतात, झटके येतात. डोक्याला किरकोळ मार लागला तरी तब्येत एकदम खालावू शकते. चार वर्षांनी नेदरलँड्सच्या वान डर क्नाप यांनी आठ मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला आणि विकाराला त्यांचं नाव चिकटलं. सिंघल यांचा सविस्तर लेख यायला १९९६ उजाडलं होतं. परिषदेच्या इतिवृत्तातली नोंद वाचतो कोण! मात्र नावापेक्षा मोलाची एक गोष्ट सिंघल यांच्याच पदरात पडते: हे रुग्ण वारंवार एकाच समाजातून, अगरवालांतून, येत आहेत हे त्यांनी ओळखलं आणि लिहून ठेवलं.

इथेच खरं कोडं आहे. अगरवालांत गोत्रं अठरा (साडेसतरा, असंही म्हणतात) आणि सगोत्र विवाह वर्ज्य. मग आई आणि बाप दोघांकडूनही तीच चूक आली तरच होणारा हा विकार आला कुठून? २००१ साली त्यामागचं एमएलसी१ हे जनुक २२व्या गुणसूत्रावर सापडलं, आणि २००४ पर्यंत अगरवाल रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणारा एकच बदल हाती आला: जनुकाच्या मजकुरात १३५ आणि १३६ या अक्षरांमध्ये एक जास्तीचं ‘सी’. इतकी नेमकी चूक अनेक घरांत आपापली होणं अवघड. ती कुण्या एका पूर्वजाकडून सर्वत्र पोचली असणार. गोत्राने ती अडली नाही, कारण गोत्र फक्त बापाची ओळ धरतं. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा १०२४ होतात. गोत्र त्यांतल्या एकीचा हिशेब ठेवतं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतल्या वंशावळीही मुख्यतः याच एका ओळीने चालतात. जनुक मात्र आजीच्या माहेराकडूनही येतं. गोत्राबाहेर पण जातीच्या आत लग्न, म्हणजे खोल्या बदलायच्या आणि वाडा तोच.

यावर पहिला आक्षेप असा की, अशाने एका समाजावर शिक्का बसतो. भीती खोटी नाही. पण २०१७ साली दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समूहांच्या जनुकीय अभ्यासात ८१ समूह असे निघाले, ज्यांच्यावर मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद आहे. त्यांतल्या १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांवर. तेव्हा अगरवालांचं नाव घेताना इतरांनी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. मामेबहिणीशी लग्न करणाऱ्या मराठी घरांनी तर नाहीच. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: रामबाण उपचारच नसेल तर शोधाचा उपयोग काय? उपयोग असा की, नेमकी चूक कळली की सबंध जनुक वाचावं लागत नाही, तेवढीच एक जागा तपासता येते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक. हे आधी कळणं आणि मूल सहा वर्षांचं झाल्यावर कळणं, यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

तिसरा आक्षेप कुणी घेत नाही, पण घ्यायला हवा. हा विकार अगरवालांत दिसला, त्याला एमआरआयपर्यंत पोचण्याची ऐपतही थोडी कारण असेल. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात कोकणा आणि महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती. कुळं पाळायची, लग्न जमातीतच करायचं, ही घडण इथेही ओळखीची आहे. सिकलसेल हा रक्तविकार इथे दिसला, कारण त्याची चाचणी रक्ताच्या थेंबावर होते आणि ती पाड्यापर्यंत जाऊ शकते. उशिरा चालणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या मेंदूचं चित्र काढायचं तर घाट ओलांडावा लागतो, मजुरी बुडते. मूल ‘मंद’ ठरवलं जातं आणि तपास तिथेच संपतो. या मौनावरून इथे असा काही विकार नाही असं म्हणता येणार नाही. सिंघल यांच्याही तपासाची पहिली खूण शेवटी वाढलेलं डोकंच होती. अंगणवाडी सेविका कुपोषणासाठी दंडाचा घेर पट्टीने मोजतेच. डोक्याचा घेर आणि आईचं माहेरचं कूळ या आणखी दोनच नोंदी झाल्या.