अंतर दुप्पट केलं, मग आवाज निम्मा का वाटत नाही?



विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात एखादा तरी विद्यार्थी सांगतोच, "सर, कानात अजून शिट्टी वाजतेय." आदल्या रात्री हा स्पीकरच्या भिंतीसमोर नाचलेला असतो. "अरे, मग मागे सरकायचं ना!" म्हटलं की उत्तर ठरलेलं : "सरकलो होतो सर, पण काही फरक पडत नाही." हे उत्तर मला धड्यासाठी फार आवडतं. कारण त्याच्या कानाला जाणवलं ते बऱ्याच अंशी खरंच आहे.

ध्वनी स्रोतापासून चहूकडे पसरतो. फुगा फुगताना तेच रबर पातळ होत जातं ना, तशी तीच ऊर्जा मोठ्या होत जाणाऱ्या गोलावर वाटली जाते. त्रिज्या दुप्पट झाली की गोलाचं क्षेत्रफळ चौपट. म्हणजे अंतर दुप्पट केलं की ध्वनीची तीव्रता (एक चौरस मीटरवर दर सेकंदाला पोचणारी ऊर्जा) चौथाई होते, तिप्पट केलं तर एक नवमांश. डेसिबलच्या मापात मात्र ही चौथाई म्हणजे फक्त ६ डेसिबलची घट. आणि आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात! त्यासाठी अंतर तिपटीहून थोडं जास्तच हवं.

इथेच कान फसवतो. आतल्या नाजूक केसपेशींना, तुम्हाला काय वाटलं याच्याशी देणंघेणं नाही. किती ऊर्जा आली, किती वेळ आली, एवढंच त्या मोजतात. कामगारांसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने सुचवलेली मर्यादा पाहा : ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. आता समजा, २ मीटरवर १०० डेसिबल आहेत. तिथे १५ मिनिटं. ४ मीटरवर ९४ डेसिबल, १ तास. ८ मीटरवर ८८ डेसिबल, ४ तास. कानाला आवाज निम्म्याहून जरासा कमी वाटतो, पण सुरक्षित वेळ सोळापट झाला!

हा हिशोब उघड्या मैदानाचा आणि लहान स्रोताचा, हे मुलांना जरूर सांगा. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात, आणि स्पीकरची भिंत स्वतःच भलीमोठी असते. तिथे घट याहून कमी होते, म्हणून आणखी लांब जावं लागतं.

प्रयोग सोपा आहे. एका मोबाइलवर एकसारखा सूर लावा, दुसऱ्यावर डेसिबल मोजणारं ॲप. शांत वेळी मैदानात १, २ आणि ४ मीटरवर नोंद घ्या. ॲपचा आकडा अचूक नसतो, आपल्याला फक्त फरक बघायचाय. तो दर वेळी ६ च्या आसपास येतो. मग हेच बंद वर्गात करा. मागच्या बाकापर्यंत जाता जाता आकडा उतरायचाच थांबतो. का, ते मुलांनाच सांगू द्या.