कऱ्हेकाठापासून भीमेच्या फुगवट्यापर्यंत

मोरगाव म्हटले, की अष्टविनायकांतील पहिला गणपती, गढीसारखे ते काळ्या दगडाचे देऊळ, त्याच्या चार कोपऱ्यांवरचे मनोरे आणि देवासमोर बसलेला नंदी एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या कऱ्हेकाठी हे क्षेत्र वसले, आणि जिच्या पात्रात स्नान करीत असता गणेशभक्त मोरया गोसावींच्या ओंजळीत गणेशमूर्ती आली असे परंपरा सांगते, त्या नदीकडे पाहण्याची सवड यात्रेकरूस क्वचितच होते. ती सवड काढावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा पर्जन्यछायेच्या मुलखातून वाहते. नाझऱ्याच्या धरणाने जेजुरीजवळच अडविलेले तिचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ क्षीणच असते. पण पूर आला, की ती काठ ओलांडून पसरते, आणि त्या उथळ, उबदार, गढूळ पाण्यात शेवाळ, सूक्ष्म जीव व किड्यांच्या अळ्या यांची एवढी समृद्धी होते, की चढणीच्या माशांची पिल्ले तेथे वाढून, पाणी ओसरताच डोहात परततात. माशाचे अन्न नदीच्या मध्यधारेत थोडे आणि तिच्या भिजलेल्या काठात फार, हे पूरमैदानाचे सारे शास्त्र आहे.

कऱ्हा सोनगावी नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपुरी भीमेला. त्या संगमावरून वर निघालेल्या माशापुढे दोन वाटा असतात. नीरा-कऱ्हेच्या वाटेवर ठिकठिकाणचे बंधारे आडवे येतात; भीमेच्या वाटेवर, काही कोसांतच, 1980 साली पूर्ण झालेली उजनी धरणाची भिंत.

त्या भिंतीमागे 117 टीएमसी पाणी साठते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्याचे आहे. इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या शिवारांत पसरलेला हा फुगवटा हिवाळ्यापासून उतरू लागतो, काठचा गाळ उघडा पडतो, शेतकरी त्यावर गाळपेर करतात, आणि त्याच चिखलात चोची बुडवून रोहित पक्ष्यांचे थवे चरतात. पाणी फारच खाली गेले, तर पळसनाथाचे बुडालेले प्राचीन मंदिरही वर येते. भीमेच्या मूळच्या पुराची जागा धरणाच्या या चढउताराने घेतली आहे; फरक इतकाच, की हा चढउतार पावसाबरोबर कालव्यांच्या पाळ्यांवरही चालतो.

हा फरक मासा ओळखतो. गंगेच्या खोऱ्यातून इकडे आणलेले कटला, रोहू, मृगळ वाहत्या पुरातच अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. 1957 साली कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी पियुषग्रंथीच्या अर्काने या माशांचे प्रजनन घडवून आणले, म्हणून आज मत्स्यबीजाची बोटुकली वाढवून जलाशयात सोडता येतात. उलट 1952 च्या सुमारास भारतात आलेली आफ्रिकेची चिलापी पुराची वाट पाहत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि वर्षातून अनेकदा वीण करते. भिगवणच्या मासळी बाजारातील लिलावात चिलापीचे ढीग दिसतात, ते याचमुळे. मरळ, वाम, शिवडा ही देशी मासळी पाटीत आली, तर म्हाताऱ्या भोयाचा हात क्षणभर तिच्यावर रेंगाळतो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही याच भीमेतून येथे उतरते. त्यातील पोषकद्रव्यांनी शेवाळ माजते, रात्री तेच पाण्यातील प्राणवायू ओढून घेते, आणि पहाटे मासा पृष्ठाशी येऊन तोंड उघडू लागतो. त्यात अलीकडे कवचधारी सकर मासा जाळ्यात येऊ लागला; तो विकला जात नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळे मात्र फाटते. हे सारे भोगणारे भोई-कोळी कुटुंबांचे संसार आहेत, आणि त्यांचे दुःख मला फार जवळचे वाटते.

माझ्या मते बीज सोडण्याइतकेच महत्त्व काठाला द्यावयास हवे. पावसाळ्याच्या आरंभी, पाणी उघड्या गाळावर चढू लागताना, निदान त्या उथळ पट्ट्यात बारीक आसाची जाळी पडू नयेत. आषाढातल्या पहाटे कुंभारगावच्या काठाशी उभे राहिले, तर उन्हाळ्यात ज्यांत गाळपेरीची पिके डोलली होती, त्याच वाफ्यांतून बोटाएवढ्या पिल्लांच्या झुंडी पाण्याच्या कडेने पुढे सरकताना दिसतात.