राजाच्या गावासमोर कुंभारणींचं गाव

मैत्रिणींनो, मलेशिया म्हटलं की डोळ्यांसमोर क्वालालंपूरचे ते जुळे मनोरेच येतात. टूरवाले दाखवतातही तेच. पण त्याच्या उत्तरेला पेराक नावाचं राज्य आहे. पेराक म्हणजे चांदी! तिथे सुलतानाची गादी अजून आहे आणि त्याचं गाव क्वाला कांगसार, पेराक नदीच्या काठावर. भाचीकडे गेले होते तेव्हा तिला घेऊन रेल्वेने तिथे जाऊन आले.

गाव म्हणाल तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणासारखं, शांत. टेकडीवर सोनेरी घुमटाची उबुदिया मशीद. सुलतान इद्रिस आजारी पडले, तेव्हा बरा झालो तर मशीद बांधीन असं बोलले होते म्हणे. म्हणजे नवसच की! १९१३ मध्ये काम सुरू झालं, इटलीहून संगमरवर आला आणि दोन हत्ती झुंजत झुंजत त्यावरून धावले. सगळ्याचा चुरा. परत मागवावा लागला, त्यात पहिलं महायुद्ध. १९१७ मध्ये मशीद पुरी झाली, पण सुलतान त्याआधीच, १९१६ मध्ये गेले होते.

जवळच १९२६ सालचा लाकडी राजवाडा आहे. एक खिळा नाही, नकाशा काढलेला नाही, भिंती विणलेल्या बांबूच्या. आपल्या सुपा-टोपल्यांची वीण आठवली.

पण माझं मन रमलं ते नदीपलीकडच्या सायोंग गावात. तिथे 'लाबू सायोंग' नावाचा काळा माठ करतात. लाबू म्हणजे भोपळा (आपल्या संस्कृतात 'अलाबू' आहेच), आणि आकारही तसाच, चिंचोळ्या गळ्याचा. पाणी काय गार राहतं! हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांचं. माती मळायची, हातानेच घडवायची, गुळगुळीत दगडाने घासायची, लाकडी ठशांनी नक्षी उठवायची. भट्टीतून निघालेला तापलेला माठ भाताच्या तुसात पुरला की काळाभोर रंग येतो. आपल्याकडे कुंभाराच्या घरची बाई माती तुडवते, रंगकाम करते, पण चाकावर बसायची तिला मनाई. इथे चाकाशिवायच बायकांनी सगळा धंदा उभा केला.

आता मात्र बरेचसे माठ साच्यातून निघतात. पातळ माती साच्यात ओतायची, झालं. हाताने एक घडवायच्या वेळात साच्यातून कितीतरी निघतात आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवल्यावर गिऱ्हाईक स्वस्तच उचलतं. आमच्या बचत गटाच्या गोधड्यांचं हेच होतं. एका म्हातारीने हातचा माठ माझ्या हातात दिला. भाचीने तिचं बोलणं सांगितलं, "आत बोट फिरवून बघ." आत तिच्या बोटांच्या कडा लागत होत्या. साच्याच्या माठात त्या नव्हत्या. मी घासाघीस न करता पैसे दिले. भाची हसली, कारण मावशी भाजीवालीला सोडत नाही, हे तिला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला तेलुक इंतानला गेलो. तिथे १८८५ मधला कलता मनोरा आहे. वरच्या टाकीत गावाचं पाणी साठवायचे, त्या भाराने आणि खालच्या मऊ जमिनीमुळे तो कलला. बाहेरून आठ मजली दिसतो, आत मजले तीनच. अर्ध्या तासात बघून होतो.

जाणार असाल तर सायोंगला सकाळीच जा आणि माठ विमानात हातातच ठेवा. माझा साडीत गुंडाळून मांडीवर आला.