गुण आला, हे कसे ओळखावे?

घरातील एखादे माणूस दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, की नातलगांची पावले अनेक दारांकडे वळतात. एका डॉक्टरांच्या औषधाने उतार पडेना, तर दुसऱ्याचे नाव निघते. कोणी काढा सुचवितो, कोणी अंगारा आणून देतो. अलीकडे या यादीत एका नव्या नावाची भर पडली आहे. ते नाव म्हणजे मूलपेशी, अर्थात स्टेम सेल. गुडघ्याची झीज, मधुमेह, पक्षाघात, मुलांमधील स्वमग्नता अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या विकारांवर हा एकच उपाय असल्याच्या जाहिराती आपल्या वाचनात येतात. त्यासाठी लोक दागिने मोडतात, जमीन गहाण टाकतात. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. परंतु हाती आलेली वस्तू काडी आहे की दोर आहे, हे बुडणाऱ्याने कसे ओळखावे? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

औषध घेतले आणि बरे वाटले, म्हणजे आपण म्हणतो, ‘गुण आला’. पण गुण नेमका कशाचा आला? कावळा फांदीवर बसला आणि त्याच क्षणी फांदी मोडली, तर ती कावळ्याच्या भाराने मोडली असे म्हणता येत नाही. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आजाराचेही असेच असते. अनेक आजार काही काळाने आपोआप ओसरतात. सांधेदुखीसारखे विकार कधी बळावतात, कधी सौम्य होतात. आणि आपण डॉक्टरांकडे जातो ते बहुधा दुखणे बळावल्यावर. त्यानंतर येणारा उतार औषधाच्या नावावर जमा होतो. शिवाय, आपल्यावर उपचार होत आहेत या विश्वासानेही रुग्णाला काही काळ हुशारी वाटते. म्हणून औषधाचा खरा गुण या साऱ्यांपासून वेगळा काढावा लागतो. तो वेगळा काढण्याच्या पद्धतीला चिकित्सा-चाचणी असे म्हणतात.

ही पद्धत समजून घेण्यासाठी मूलपेशींचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवू आणि कोलकाता शहरात जाऊ. पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगाने बंगालचा प्रदेश दीर्घकाळ ग्रासलेला होता. आपल्याकडे या रोगाच्या भयाने मरीआईला नवस बोलले जात, तसे बंगालात ओलादेवीला बोलले जात. व्लादिमिर हाफकिन हे शास्त्रज्ञ १८९३ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांच्याजवळ पटकीवरील लस होती. पॅरिस येथे १८९२ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हाफकिन.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्यातील काठालबागान, म्हणजे फणसाची बाग, या गरीब वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. हाफकिन तेथे गेले. वस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढे तेथे आणखी दहा जणांना पटकी झाली व त्यांपैकी सात जण दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. हाफकिन यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी केवळ लस घेतलेल्यांची गणती केली नाही. त्याच वस्तीत राहणाऱ्या, परंतु लस न घेतलेल्या लोकांशी त्यांनी तुलना केली. तुलनेवाचून गुण ठरत नाही, हा चिकित्सा-चाचणीचा पहिला नियम होय.

तरीही या तुलनेत एक उणीव राहिली होती. लस घ्यावी की न घ्यावी, हे प्रत्येकाने स्वतःच्या इच्छेने ठरविले होते. लस घेणारे लोक मुळातच अधिक सावध असतील, पाणी जपून पीत असतील, तर त्यांच्या बचावाचे श्रेय लसीला किती द्यायचे आणि सावधपणाला किती?

ही उणीव कशी दूर करता येते, हे त्याच शहराने शंभराहून अधिक वर्षांनी दाखवून दिले. २००६ मध्ये कोलकात्यातील राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्था आणि आंतरराष्ट्रीय लस संस्था यांनी तोंडावाटे देण्याच्या एका नव्या लसीची चाचणी तेथील दाट झोपडवस्त्यांत घेतली. कोणत्या घरातील माणसांना लस मिळावी, हे ना डॉक्टरांनी ठरविले ना रहिवाशांनी. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपविण्यात आले. त्यामुळे सावध आणि बेफिकीर, सधन आणि निर्धन अशी सर्व प्रकारची माणसे दोन्ही गटांत सारखी विभागली गेली. दुसऱ्या गटाला लसीसारखेच दिसणारे, पण पटकीपासून संरक्षण न देणारे द्रव देण्यात आले. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. त्यामुळे कोणाच्याही आशेचा किंवा पूर्वग्रहाचा परिणाम मोजमापावर झाला नाही.

दोन्ही मात्रा घेतलेल्यांची संख्या ६६,९०० होती. पुढील दोन वर्षांत लस घेतलेल्या ३१,९३२ जणांत पटकीचे २० प्रसंग नोंदले गेले, तर दुसऱ्या गटातील ३४,९६८ जणांत ६८. याचा अर्थ, लसीमुळे रोगाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटले. पाच वर्षांनंतरही हे संरक्षण जवळजवळ तेवढेच टिकून असल्याचे आढळले. या लसीला २००९ मध्ये भारतात परवाना मिळाला व २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली. पुढे इतर देशांतील साथींतही ती वापरली गेली. कोलकात्यातील सामान्य रहिवाशांनी दिलेल्या सहकार्याचे हे फळ होते.

आता आपण मूलपेशींकडे परत येऊ. आपल्या शरीरात काही पेशी अशा असतात, की त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि प्रसंगी इतर प्रकारच्या पेशींतही रूपांतरित होतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. अस्थिमज्जेतील रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचे रोपण हा रक्ताच्या काही गंभीर विकारांवरील सिद्ध उपचार आहे. जाहिरातींत मात्र पुष्कळदा निराळ्याच पेशींचा उल्लेख असतो. त्या म्हणजे मेसेनकायमल मूलपेशी. अस्थिमज्जा, चरबी, नवजात बालकाची नाळ यांपासून त्या मिळविता येतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा व चरबी यांच्या पेशी तयार होतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये हे नाव रूढ केले. या पेशी शरीरात गेल्यावर नवा अवयव घडवीत नाहीत, तर दाह कमी करणारी व दुरुस्तीला चालना देणारी द्रव्ये स्रवतात, असे पुढील संशोधनातून दिसू लागले. तेव्हा २०१७ मध्ये स्वतः कॅप्लान यांनीच हे नाव बदलावे, असे लिहिले. आपण दिलेल्या नावाचा आग्रह न धरणे, हा शास्त्रीय वृत्तीचा उत्तम नमुना होय.

या पेशींच्या चाचण्या जगभर अनेक रोगांवर झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. भारतातील एक उदाहरण पाहू. विडी-सिगारेटच्या व्यसनाशी निगडित असलेल्या बर्जर रोगात पायांच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, जखमा भरत नाहीत आणि कित्येकदा पाय कापावा लागतो. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढविलेल्या मेसेनकायमल पेशी अशा रुग्णांच्या पोटरीच्या स्नायूंत टोचून ९० रुग्णांवर चाचणी करण्यात आली. पेशी मिळालेल्या रुग्णांच्या वेदना कमी झाल्या व जखमा अधिक लवकर भरल्या. या आधारावर २०१६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या उपचाराला मर्यादित परवानगी दिली. परंतु कोणाला पेशी मिळाल्या हे या चाचणीत झाकलेले नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तंबाखू सोडणे हा या रोगावरील पहिला उपाय आजही कायम आहे.

दुसरे उदाहरण पक्षाघाताचे आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मिश्र पेशी शिरेतून देण्याची चाचणी भारतातील पाच केंद्रांत १२० रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरक्षित ठरला, पण रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले नाही. तिसरे उदाहरण युरोपातील आहे. क्रोन्स या आतड्याच्या विकारात होणाऱ्या भगंदरावर मेसेनकायमल पेशींची चाचणी यशस्वी ठरली आणि २०१८ मध्ये परवाना मिळाला. नंतर अधिक रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा पेशी मिळालेल्या व न मिळालेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखेच रुग्ण बरे झाले. २०२४ मध्ये तो परवाना मागे घेण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र, अस्थिमज्जा-रोपणानंतर मुलांमध्ये उद्भवणाऱ्या एका जीवघेण्या विकारावर या पेशींना प्रथमच मान्यता मिळाली. अर्थात, मूलपेशींचा ‘गुण’ सरसकट आहे असेही नाही आणि मुळीच नाही असेही नाही. प्रत्येक रोगासाठी तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

जेथे ही कसोटी टाळली जाते, तेथे काय घडते? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी त्यांच्याच चरबीतील पेशी टोचण्यात आल्या. त्यासाठी त्यांच्याकडून हजारो डॉलर घेतले गेले. तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या अधू झाली. हा वृत्तान्त २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपण एका संशोधनात सहभागी होत आहोत, अशी त्यांतील काहींची समजूत होती.

आपल्या देशात २००७ मध्ये मूलपेशींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये सुधारित तत्त्वे आली, तेव्हा ‘उपचार’ हा शब्द हेतुपुरस्सर वगळण्यात आला. रक्तविकारांवरील मान्य रोपण सोडले तर, जे अद्याप संशोधन आहे त्याला उपचार म्हणू नये, हा त्यामागील विचार होता. एका शब्दाने रुग्णाची किती मोठी दिशाभूल होऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

तेव्हा आपल्यावर असा प्रसंग आल्यास काही प्रश्न अवश्य विचारावेत. हा मान्य उपचार आहे की चाचणी आहे? चाचणी असल्यास भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत तिची नोंद आहे काय? २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. मात्र केवळ नोंद असणे म्हणजे गुणाची हमी नव्हे. नैतिकता समितीची मान्यता आहे काय? संमतिपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत आहे काय? ते वाचून घ्यावे, वाचता येत नसल्यास वाचून दाखविण्यास सांगावे आणि समजल्याखेरीज सही किंवा अंगठा करू नये. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार सहभागी व्यक्तीला असतो. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा गुण अजून ठरायचा आहे अशा गोष्टीसाठी कोणी आपल्याकडे मोठी रक्कम मागत असेल, तर तेथेच थांबावे व दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आजारी माणसासाठी आशा धरणे स्वाभाविक आहे. ती कोणी सोडावी असे विज्ञान सांगत नाही. काठालबागानातील रहिवाशांनीही आशेनेच लस टोचून घेतली होती. मात्र त्यांची आशा वाया गेली नाही, कारण कोणीतरी प्रामाणिकपणे मोजणी केली, तुलना केली आणि निष्कर्ष सर्वांसमोर ठेवला. आपली आशा आपण कोणाच्या हाती सोपवीत आहोत, तो माणूस मोजणी करण्यास आणि ती दाखविण्यास तयार आहे काय, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.