पत्र्याच्या शेडची पन्हळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोठा, कांद्याची चाळ, अवजारांची खोली, घरामागची मोटारीची शेड अशा जोडइमारतींवर आता बहुतेक ठिकाणी पत्राच असतो. या पत्र्याच्या कडेखाली पाणी झेलणारी, ढाळाने ते एका बाजूला नेणारी आणि नळातून खाली सोडणारी उघडी नाली म्हणजे पन्हळ. कोकणात एके काळी पोफळीचे खोड मधोमध चिरून किंवा बांबू फोडून ती करत. आता पीव्हीसी, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा रंगीत पत्रा वापरला जातो. साहित्य बदलले तरी पन्हळीचा विचार मात्र शेड उभी राहिल्यावर, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या पाइपात होतो. तिच्याबद्दलचे बरेचसे गैरसमज या घाईतून आलेले आहेत.

“गोठ्याला कशाला हवी पन्हळ?”

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. जमिनीवर ५० चौरस मीटर जागा झाकणारे छप्पर धरले, तर २,५०० मिलिमीटर पावसाच्या कोकणात त्यावरून हंगामात सव्वा लाख लिटर पाणी उतरते. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावातही ते ३५ हजार लिटर भरते. हे सारे पाणी पागोळ्यांच्या दोन अरुंद रेषांवर पडते. तिथे चर पडतो, चिखल भिंतीवर उडतो, जोत्याचा खालचा थर महिनोन्‌महिने ओला राहतो. मातीची भिंत पायथ्यापासून सुटू लागते. लोखंडी खांब काँक्रीटमधून जिथे बाहेर येतो, तिथेच तो आधी गंजतो. गोठ्यात तर छपराचे स्वच्छ पाणी शेणमुतात मिसळते आणि काढून टाकायचा राडा कितीतरी पटींनी वाढतो.

तरीही प्रत्येक शेडला पन्हळ हवीच असे नाही. वळचण भिंतीपासून चांगली पुढे आली असेल, पागोळ्यांखाली दगडी किंवा सिमेंटची नाली बांधलेली असेल आणि वर झाडांचा दाट पाला असेल, तर सतत तुंबणाऱ्या पन्हळीपेक्षा ही जमिनीवरची नाली सरस ठरते. आंबोली-महाबळेश्वरसारख्या अतिपावसाच्या भागात हा पर्याय आधी तपासावा.

“आमच्याकडे पाऊस कमी, लहान पन्हळ पुरेल”

सर्वात महागात पडणारा गैरसमज हा. पन्हळीचा आकार वर्षभराच्या पावसावर ठरत नाही, सर्वात जोरदार सरीवर ठरतो. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावातही वळवाची एखादी सर काही मिनिटे कोकणातल्या सरीइतक्याच वेगाने कोसळू शकते. तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस छोट्या क्षेत्रात झाला, तर हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. मात्र पाच-दहा मिनिटांपुरता तेवढा वेग साध्या गडगडाटी पावसातही येतो, आणि पन्हळ भरून वाहायला तेवढी मिनिटे पुरतात. म्हणून हिशेब निदान तासाला १०० मिलिमीटरचा धरावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर २०० चा धरणे शहाणपणाचे.

समजा शेड १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि दुपाखी आहे. एका पाख्याखाली ४० चौरस मीटर जागा येते. पत्र्याची तिरपी लांबी नव्हे, तर जमिनीवरची आडवी रुंदी मोजायची. वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या पाख्यावर तिरका पाऊस जास्त पडतो, म्हणून त्या बाजूला थोडी वाढ धरायची. १०० मिलिमीटरच्या वेगाने या पाख्यावरून तासाला ४,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १.१ लिटर पाणी येते. २०० च्या वेगाने ते २.२ लिटर होते.

आता पन्हळीकडे पाहू. ११० मिलिमीटरचा पाइप उभा चिरून केलेली पन्हळ गावोगाव दिसते. सपाट बसवली आणि निकास एका टोकाला ठेवला, तर ती सेकंदाला सुमारे पाऊण लिटर पाणीच नेऊ शकते. १५० मिलिमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ दोन लिटरच्या आसपास नेते. रुंदी दीडपटीच्या आत वाढते, पण वहनक्षमता अडीचपटीहून जास्त होते. पन्हळ एक माप मोठी घेण्यातला खरा फायदा हा आहे. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. निकास टोकाऐवजी मध्यभागी ठेवला की दोन्ही बाजूंना निम्मेच पाणी वाहते. वरच्या उदाहरणात मध्यभागी निकास असलेली १५० मिलिमीटरची पन्हळ २०० च्या सरीतही निभावते.

“पन्हळ मोठी घेतली, आता पाइप कोणताही चालेल”

पन्हळ प्रशस्त आणि तिला ५० मिलिमीटरचा पाइप, हे दृश्य सर्रास दिसते. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्यानुसार, तासाला १०० मिलिमीटर पावसात ५० मिलिमीटरचा उभा पाइप जेमतेम साडेसहा चौरस मीटर छपराचे पाणी नेतो. ७५ चा पाइप सुमारे २० आणि १०० चा सुमारे ४३ चौरस मीटरला पुरतो. पाऊस दुप्पट वेगाने आला की हे आकडे निम्मे होतात. त्यामुळे ४० चौरस मीटरच्या पाख्याला देशावर १०० मिलिमीटरचा एक पाइप चालेल. कोकणात तसेच दोन लागतील. शिवाय पाइपातला प्रत्येक एल्बो पाला अडकण्याची जागा असतो, म्हणून वळणे जितकी कमी तितकी बरी.

“ढाळ जितका जास्त, तितके चांगले”

दर मीटरला सुमारे ५ मिलिमीटर ढाळ पुरेसा असतो. १० मीटरच्या पन्हळीला ५ सेंटिमीटर. याहून जास्त ढाळ दिला तर निकासाकडचे टोक पत्र्यापासून इतके खाली जाते की जोरदार सरीत पाणी पन्हळीवरून उडून बाहेर पडते. अगदीच सपाट ठेवली तर गाळ साचतो, पाणी थांबते आणि डास होतात. ढाळ नजरेने ठरवू नये, कारण शेडची कडा स्वतःच क्वचित समतल असते. लेव्हल पाइपने दोन्ही टोकांची उंची घ्यावी, दोन टोकांचे ब्रॅकेट आधी बसवावेत, त्यांच्यात दोरी ताणावी आणि मधले ब्रॅकेट दोरीला धरून लावावेत.

“कौलांना चालली, ती पत्र्यालाही चालेल”

कौल खडबडीत असते, थोडे पाणी पिते आणि प्रवाह मंद करते. पत्र्यावरून पाणी वेगाने घसरते, आणि पत्र्याच्या प्रत्येक खाचेतून वेगळी धार सुटते. पाखा लांब आणि उतार खडा असेल तर धार अरुंद पन्हळीच्या पलीकडे पडते. मग पन्हळ लहान पडली असे वाटते, प्रत्यक्षात ती जागेवर नसते. पत्र्याची कडा पन्हळीच्या आत सुमारे ५ सेंटिमीटर यावी. कडा निम्म्या रुंदीपलीकडे गेली तर पाणी उडते आणि साफसफाईला हात जात नाही. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवणेही आवश्यक आहे. कधी तुंबलीच, तर पाणी अंगणात पडावे, भिंतीवर येऊ नये.

उतार फार कमी असलेल्या शेडमध्ये उलटा त्रास होतो. पाणी पत्र्याच्या कडेला चिकटून खालच्या बाजूने मागे सरकते आणि पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या आधारावर, ठिबकते. खाचांची टोके पक्कडीने किंचित खाली वाकवली, किंवा कडेखाली वाकवलेली पट्टी बसवली, की धार तिथेच तुटते.

“रिकामी पन्हळ हलकी असते, दोन-चार ब्रॅकेट बस झाले”

ब्रॅकेट भरलेल्या पन्हळीच्या हिशेबाने लावायचे असतात. १५० मिलिमीटरची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की दर मीटरला जवळपास ९ किलो पाणी धरते. १० मीटरला ९० किलो. ओल्या पाल्याचे आणि गाळाचे वजन वेगळे. साध्या जागी दर ६० ते ९० सेंटिमीटरला एक ब्रॅकेट लागतो. वाऱ्यापावसाच्या भागात ६० सेंटिमीटरहून जास्त अंतर ठेवू नये, आणि निकास व सांध्याजवळ जादा ब्रॅकेट द्यावा. बऱ्याच शेडना कडेला लाकडी फळी नसते, म्हणून कारागीर ब्रॅकेट पत्र्याच्याच कडेला स्क्रूने लावतात. पातळ पत्र्याची कडा हा भार पेलत नाही. वाऱ्याने ती हलते, स्क्रूचे भोक मोठे होते आणि गळती थेट शेडमध्ये येते. ब्रॅकेट कडेच्या पर्लिनला बोल्टने बसवावेत. पर्लिन फार आत असेल तर ट्रसपासून लोखंडी पट्ट्या पुढे काढून त्यांवर आधार द्यावा. नवी शेड बांधताना फॅब्रिकेटरला हे आधीच सांगितले तर जादा खर्च जवळजवळ येत नाही.

“धातू तो धातू, कोणताही जोडा”

जस्ताच्या मुलाम्याची साधी पन्हळ जस्ताच्याच पत्र्याखाली बरीच वर्षे टिकते. तीच पन्हळ गॅल्व्हल्यूमच्या (ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेल्या) किंवा रंगीत पत्र्याखाली लवकर गंजते. साध्या पत्र्यावरून येणाऱ्या पाण्यात जस्ताचा थोडा अंश विरघळलेला असतो. रंगीत किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्यावरून मात्र पाणी जवळपास तसेच उतरते आणि पन्हळीच्या जस्तावर जोमाने काम करू लागते. म्हणून नव्या रंगीत छपराला रंगीत पत्र्याची, गॅल्व्हल्यूमची किंवा पीव्हीसीची पन्हळ घ्यावी. उलट जोडी, म्हणजे जुन्या जस्ती पत्र्याखाली गॅल्व्हल्यूमची पन्हळ, चालते. तांब्याची तार किंवा पाइप यांचे पाणी मात्र यांपैकी कोणत्याही धातूवर पडू देऊ नये.

गोठ्यात मुतातून उठणारा अमोनियाही ॲल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याला मानवत नाही. बंदिस्त, दाटीच्या गोठ्याला म्हणूनच पीव्हीसी अधिक सोयीची.

कापण्याची पद्धतही महत्त्वाची. ग्राइंडरने कापल्यावर मुलामा जळतो आणि उडालेला तापलेला लोखंडी कीस पत्र्याला चिकटून पहिल्या पावसात तांबडे डाग पाडतो. पत्रा कातरीने कापावा आणि भोके पाडल्यावर कीस त्याच दिवशी झाडून काढावा. सांध्यात वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसवावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन जस्ताला खाते; न्यूट्रल प्रकारचे मागून घ्यावे.

पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाढते. १० मीटर लांबीत तापमान ३० अंशांनी चढले की ती जवळपास २ सेंटिमीटर लांब होते. सगळे सांधे सोल्युशनने पक्के चिकटवले तर उन्हाळ्यात पन्हळ वाकते आणि सांधा फाटतो. एक तरी सांधा रबरी पट्टीचा, सरकता ठेवावा आणि टोकाला मोकळी जागा सोडावी. चिरलेला साधा पाइप उन्हाने ठिसूळ होतो. पन्हळीसाठीच बनवलेला, ऊन सोसणारा माल त्यापेक्षा पुष्कळ टिकतो.

“जाळी बसवली की साफसफाई संपली”

आंब्याफणसाची पाने जाळी अडवते. गुलमोहराची बारीक पाने आणि सुरूच्या काड्या मात्र तिच्यातून आत जातात किंवा तिच्यावरच लगदा होऊन बसतात, आणि मग पत्र्यावरून आलेले पाणी जाळीवरून सरळ बाहेर उडते. संपूर्ण पन्हळ झाकण्यापेक्षा निकासाच्या तोंडावर तारेचा गोल पिंजरा ठेवणे सोपे. पन्हळ मे महिन्यात एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात पुन्हा साफ करावी. झाडे जवळ असतील तर श्रावणातही.

“छपराचे पाणी शुद्धच असते”

पत्र्यावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा कचरा साचतो. पाणी टाकीत घ्यायचे असेल तर दर कोरड्या खंडानंतरचा पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस वगळावा. ४० चौरस मीटरच्या पाख्याला हे ४० ते ८० लिटर होतात. त्यासाठी उभ्या पाइपाला खाली झाकणाची वेगळी नळी ठेवता येते. असे पाणी भाजीला, धुण्याला, फवारणीला चांगले. पिण्यासाठी गाळून उकळावे.

टाकी नसेल, तर पाइपाचे तोंड जोत्याशीच सोडणे म्हणजे सगळ्या पागोळ्या एका जागी आणून पायावर ओतणे. तोंडाखाली दगडी फरशी ठेवावी आणि पाणी जोत्यापासून निदान दीड मीटर दूर, उताराच्या दिशेने न्यावे. पुढे शोषखड्डा, गाळणीचा खड्डा करून विहीर किंवा परसातली केळी, यांपैकी जे जवळ असेल तिथे ते द्यावे. शोषखड्डा पायापासून काही मीटर लांब आणि पिण्याच्या विहिरीपाशी शेणाचा ओघळ येणार नाही अशा जागी असावा.