मेजावरचे चुंबकी वादळ

‘धक्का’ म्हटला की आम्हां पनवेलकरांस लोकलच्या दारातली रेटारेटी आठवते. एकाने दुसऱ्यास ढकलावे, दुसऱ्याने तिसऱ्यास. हवेतील स्फोटाचा धक्काही असाच, कणाकणांच्या टकरीने पुढे सरकतो. परंतु अंतराळातील वायू इतका विरळ असतो की कणास कण सहसा भेटतच नाही. मग तेथे धक्का उठतो कसा?

तो वायू म्हणजे प्लाझ्मा. त्यातले कण विद्युत्‌भारित असतात. ते वाहू लागले की चुंबकक्षेत्र निर्माण होते, आणि ते क्षेत्र दूरच्या कणांनाही वळविते, अडविते. एकमेकांस न भेटलेले कामगार एकाच भोंग्याने थांबावेत, तसेच हे. सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येणारा प्लाझ्माचा वारा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रापाशी अडतो, तेथे असाच धक्का उठतो आणि चुंबकक्षेत्रात खळबळ माजते.

अशी खळबळ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मेजावर निर्माण केली गेली आहे. लेसरच्या झोताने घन पदार्थाच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो. सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतील थोड्याच भागांत सारे आटोपते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ह्या खळबळीचा आलेख अंतराळयानांनी सौरवाऱ्यात टिपलेल्या आलेखाशी विलक्षण जुळला. दोन्हीकडे ऊर्जेचा उगम निराळा, तरी खळबळीची घडण सारखीच.

ह्यातून भाकरी मिळते काय, असे कामगार विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण पैसा जनतेचा आहे. उद्या भाकरी मिळेल असे आश्वासन आम्ही देत नाही. मात्र ज्याचा खर्च आपण सोसतो, ते ज्ञान समजावून घेण्याचा हक्कही आपलाच आहे. तो आपण बजावावा.