वल्ह्यास कोणता लेप द्यावा?

नांदेडजवळ विष्णुपुरी येथें बंधारा घालून गोदावरीचें पाणी अडविलें आहे. अशा विस्तीर्ण पाण्यांत मासे धरणाऱ्या भोयाचें वल्हें म्हणजे त्याचा तिसरा हातच होय. भर प्रवाहांत तें मोडल्यास नाव पाण्याच्या स्वाधीन होते, आणि नावेबरोबर माणूसहि. म्हणून वल्हें घडविण्याइतकेंच तें राखणेंहि महत्त्वाचें आहे. त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

पाण्यानें लाकूड कुजतें असें आपण म्हणतों. परंतु आमच्या प्रांतांत त्याचा मोठा वैरी म्हणजे ओल आणि ऊन यांची आळीपाळी. पावसाळ्यांत नद्या दुथडी भरून वाहतात व उन्हाळ्यांत आटून जातात. गोदावरीच्या मांजरा या उपनदीवरील धरण कोरडें पडल्यामुळें २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें वाचकांस स्मरत असेलच. अशा वेळीं वल्हें महिनोन्महिने कोरडें पडून राहतें. लाकूड भिजलें म्हणजे फुगतें, वाळलें म्हणजे आकसतें. त्याचे तंतु बारीक नळ्यांसारखे असल्यामुळें, जेथें ते आडवे कापले जातात त्या पात्याच्या टोकांतून पाणी सर्वांत वेगानें आंत शिरतें. आणि पहिली चीर बहुधा तेथेंच पडते.

यावरून लेपाची कसोटी ठरते. तो पाणी अडविणारा तर असावाच, पण लाकडाबरोबर फुगण्या-आकसण्याइतका लवचिकहि असावा. लाख स्पिरिटांत विरघळवून केलेलें पॉलिश मेजावर शोभतें. पाण्यांत मात्र तें पांढरें पडतें. शेंगदाण्याचें तेल वाळतच नाहीं. तें चिकट राहून धूळ धरतें. करडईचें तेल वाळतें, परंतु फार सावकाश. डांबर नावेच्या तळास ठीक. हातांत धरावयाच्या वस्तूस तें कातडीला अपायकारक आहे.

उरले दोन पर्याय. पहिला जवसाच्या तेलाचा. हें तेल पाण्याप्रमाणें उडून वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. कच्च्या तेलास यासाठीं कित्येक दिवस लागतात व त्यावर बुरशीहि चढते. म्हणून रंगाच्या दुकानांत मिळणारें ‘बेल तेल’ घ्यावें. दुसरा पर्याय जहाजी वार्निशाचा. हें मूळचें जहाजांच्या डोलकाठ्यांकरितां केलेलें असून त्यांत तेलाचा अंश अधिक असतो. म्हणून तें वांकतें, पण सहसा तडकत नाहीं. उन्हापासून रक्षण करणारीं द्रव्येंहि त्यांत घातलेलीं असतात.

दोहोंत वार्निश पाणी अधिक अडवितें. परंतु त्यास एकदां चीर पडली कीं आंत शिरलेलें पाणी कोंडून राहतें, आणि दुरुस्तीसाठीं जुना थर खरडावा लागतो. तेल कमी टिकतें, पण फडक्यानें पुन्हा चोळलें कीं काम झालें. म्हणून पात्यास, विशेषतः त्याच्या टोकास, वार्निशाचे तीन-चार पातळ हात द्यावे. दांडा व मूठ यांस केवळ तेल लावावें. मुठीवर वार्निश असल्यास घामट हातास फोड येतात. वार्षिक डागडुजीस सवड नसेल, तर सर्व वल्ह्यास तेलच बरें.

हें काम पावसाळ्यापूर्वीं, सावलींत करावें. लाकूड पूर्ण वाळवून कांचकागदानें घासावें. साग स्वभावतःच तेलकट असल्यामुळें वार्निशापूर्वीं तो टर्पेंटाइननें पुसावा. वार्निशाचा पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ करावा. प्रत्येक हात वाळल्यावर हलकेंच घासून मगच दुसरा द्यावा. तेल लावल्यास अर्ध्या तासानें वरचें जादा तेल पुसून काढावें.

एक सावधगिरी मात्र कधींहि विसरूं नये. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास, वाळतांना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेनें त्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यांत बुडवाव्या किंवा मोकळ्या जागीं एकेक पसरून वाळवाव्या.

पुढें दरवर्षीं पात्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर लेप शाबूत आहे. पसरून लाकडांत जिरला, तर नदीस पूर येण्याआधीं पुन्हा हात द्यावा.